काटा खाली, इंजिन तापलेले

गेल्या महिन्यात या सदरात आपण बॅटरीची निगा पाहिली. या वेळी लिहायचे आहे ते अंगठ्याएवढ्या एका भागाविषयी. गाडी वापरणाऱ्या बहुतेकांनी तो कधी पाहिलेला नसतो. पण तो चुकीचे सांगू लागला, की पैसा जातोच, शिवाय माणसावरचा विश्वासही जातो. आमच्या घरी तसे झाले. लिहायला थोडी लाज वाटते. पण हे सदर आम्ही घरातल्या घरात बोलावे तसे लिहीत आलो आहोत, म्हणून झाले ते जसेच्या तसे सांगतो.

हा भाग म्हणजे इंजिनातल्या कूलंटचे तापमान मोजणारा सेन्सर. गॅरेजमध्ये त्याला नुसते 'टेम्परेचर सेन्सर' म्हणतात.

आमची पेट्रोल गाडी बारा वर्षांची. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले, तेव्हा ती बाजारपेठेजवळ नातेवाइकांच्या दारात उभी होती. पाणी बॉनेटच्या वर गेले होते. नशीब एवढेच, की पाणी उतरल्यावर कोणी चावी फिरवली नाही. गाडी ओढून नेली, ऑइल बदलले, सीट उन्हात वाळवल्या, गाळ धुतला. गाडी सुरू झाली आणि दोन पावसाळे नीट चालली. पूर आम्ही विसरून गेलो. गाडी मात्र विसरली नव्हती.

अब्बांचे डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. आमची नोकरी दुसऱ्या तालुक्यात, म्हणून शेजारच्या घरातला वीस वर्षांचा मुलगा गाडी चालवतो. गावापासून दवाखाना चौदा किलोमीटर. पोरगा अब्बांना हाताला धरून बसवतो, चार तास बाहेर थांबतो, परत आणतो. महिन्याला ठरलेले पैसे आणि पेट्रोलचा खर्च आम्ही देतो. वर्षभर कसलीच तक्रार नव्हती.

मग एका महिन्यात पेट्रोलचा खर्च वाढला. पुढच्या महिन्यात आणखी वाढला. लिटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी अकरावर आली. पोरगा म्हणाला, "चाचा, गाडी गरम असताना बंद केली की लवकर चालू होत नाही. औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटं थांबलो तरी त्रास देते. मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारावा लागतो." आम्ही ऐकले आणि सोडून दिले.

एके दिवशी बहादूरशेख नाक्यावर गाडी रहदारीत अडकली आणि बॉनेटमधून वाफ आली. अब्बांना थंडी वाजते म्हणून एसी बंद होता. पोरगा फोनवर म्हणाला, "काटा तर खालीच आहे चाचा, पण पाणी उकळतंय." आम्हाला वाटले, काटा खाली असताना पाणी कसे उकळेल? हा पोरगा काहीतरी लपवतो आहे.

गॅरेजमध्ये नेली. तिथे इंजिनातला थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकला आणि सांगितले, "आता ही कधीच तापणार नाही." पेट्रोलची तक्रार सांगितल्यावर दुसऱ्या ठिकाणी प्लग बदलले, मग फ्युएल पंप बदलला. चार आकडी बिल झाले. तिसऱ्याने सेन्सर बदलला. फरक शून्य. उलट थर्मोस्टॅट काढल्यापासून अ‍ॅव्हरेज आणखी पडले.

शेवटी एका रविवारी आम्ही त्या पोराला विचारले, "बाळ, खरं सांग. पेट्रोल जातं कुठं?"

तो काहीच बोलला नाही. खिशातून एक छोटी वही काढली, चावी काढली, दोन्ही ओटीवर ठेवल्या आणि गेला. वहीत प्रत्येक फेरीचे किलोमीटर आणि पेट्रोल लिहिलेले होते. त्या संध्याकाळी आम्ही ती उघडलीही नाही.

पुढचे दोन आठवडे अब्बा रिक्षाने गेले. खड्ड्यांचा रस्ता, परतीच्या वेळी अंगात त्राण नाही. दुसऱ्या शुक्रवारी घरी आल्यावर ते खाटेवर पडून म्हणाले, "आधी गाडी खोटं बोलते का ते बघा. मग माणसाकडे बघा."

मग आम्ही मामूंना फोन केला. मामू एसटीच्या वर्कशॉपातून इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. मी यायच्या आधी गाडीला हात लावू नका. रात्रभर थंड राहिली पाहिजे."

मामूंनी त्या दिवशी जे करून दाखवले, ते आता क्रमाने सांगतो. त्याआधी हा सेन्सर काय करतो ते समजून घेऊ.

सेन्सर काय सांगतो

इंजिन थंड असताना त्याला पेट्रोल जास्त लागते आणि तापल्यावर कमी. किती द्यायचे ते गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. इंजिन किती तापले आहे हे त्याला हा सेन्सर सांगतो. रेडिएटरचा फॅन कधी सुरू करायचा तेही बहुतेक गाड्यांत याच आकड्यावर ठरते. अनेक नव्या गाड्यांत समोरचा काटा किंवा तापमानाचा दिवासुद्धा याच सेन्सरच्या भरवशावर चालतो. जुन्या गाड्यांत काट्यासाठी वेगळा सेन्सर असायचा. डिझेल गाडीत हीटर प्लग किती वेळ तापवायचे हेही यावरून ठरते.

सेन्सरच्या आत एक असा तुकडा असतो, ज्याचा विजेला होणारा विरोध तापमान वाढले की कमी होतो. ईसीएम त्याच्याकडे 5 व्होल्ट पाठवतो आणि किती व्होल्ट उरले ते पाहून तापमान काढतो. विरोध जास्त म्हणजे इंजिन थंड, विरोध कमी म्हणजे इंजिन गरम. पुष्कळ गाड्यांत हे आकडे साधारण असे असतात: 20 अंशांना सुमारे 2400 ओहम, 40 ला 1150, 60 ला 580 आणि 80 ला 310 च्या आसपास. काही कंपन्यांचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला तक्ता पाहावा.

यावरून दोन टोके लक्षात येतील. वायर तुटली किंवा कपलर निघाला, तर विरोध अमर्याद होतो आणि ईसीएमला वाटते की इंजिन उणे 40 अंशांवर आहे. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर विरोध शून्य होतो आणि त्याला वाटते की इंजिन भट्टीसारखे तापले आहे. ही दोन्ही टोके ईसीएमला अशक्य वाटतात, म्हणून तो चेक इंजिनचा दिवा लावतो आणि पुष्कळ गाड्यांत खबरदारी म्हणून फॅन सतत चालू ठेवतो.

खरा घोटाळा या दोन टोकांच्या मधे असतो. सेन्सर किंवा वायर थोडेसेच चुकीचे सांगत असेल, तर आकडा खोटा असूनही ईसीएमला तो खरा वाटतो. दिवा लागत नाही आणि गाडी चुकीच्या आकड्यावर चालत राहते. आमचे तेच झाले होते.

लक्षणे दोन प्रकारची

सेन्सर इंजिनाला खऱ्यापेक्षा थंड दाखवत असेल, तर पेट्रोल जास्त जाते. अ‍ॅव्हरेज पडते, सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी धरते, धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि गरम गाडी बंद केल्यावर पुन्हा चालू व्हायला त्रास देते. जास्तीचे पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचेही नुकसान करते. सगळ्यात वाईट म्हणजे फॅन वेळेवर लागत नाही. रहदारीत किंवा घाटात इंजिन उकळते आणि काटा मात्र खाली राहतो.

सेन्सर खऱ्यापेक्षा गरम दाखवत असेल, तर उलटे होते. सकाळी थंड इंजिनाला पुरेसे पेट्रोल मिळत नाही, गाडी लवकर चालू होत नाही, चालू झाली तर धडधडते आणि बंद पडते. थंड इंजिनावरही फॅन फिरत राहतो.

आता त्या पोराचे बोलणे पुन्हा वाचा. गरम असताना चालू होत नाही, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की होते, काटा खाली असून पाणी उकळते. पहिल्या प्रकारातली जवळजवळ सगळी लक्षणे त्याने आम्हाला तोंडाने सांगितली होती. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला, की पुष्कळ गाड्यांत ईसीएम तेवढ्यापुरते पेट्रोल बंद करतो, साचलेले पेट्रोल बाहेर निघते आणि गाडी चालू होते. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याचे त्यानेच शोधून काढले होते.

पहिली तपासणी: पहाटेचा आकडा

मामू सकाळी सातला आले. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते, त्यात त्यांनी ब्लूटूथचा एक छोटा स्कॅनर लावला. तो बाजारात काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याचे आकडे मोबाइलवर दिसतात. इंजिन चालू न करता फक्त चावी 'ऑन'वर ठेवली.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे तापमान बाहेरच्या हवेइतकेच असायला हवे. इंजिनात जाणारी हवा मोजणारा दुसरा एक सेन्सर असतो. त्याचा आकडा आणि कूलंटचा आकडा जवळजवळ सारखे आले पाहिजेत. दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतात.

अंगणातला थर्मामीटर 25 दाखवत होता. हवेच्या सेन्सरचा आकडाही 25. कूलंटचा आकडा 17.

"आठ अंशांचा फरक," मामू म्हणाले. "एवढ्यावर कोणी संशय घेणार नाही. पण हा फरक तापल्यावर किती होतो बघ."

दुसरी तपासणी: चढता आकडा

गाडी चालू केली. निरोगी गाडीत हा आकडा न अडखळता चढत जातो, 80 ते 90 च्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो आणि आकडा तिथेच स्थिरावतो. गाडी उभी ठेवली तर आणखी चढून साधारण 95 ते 100 च्या आसपास फॅन लागतो. मधेच आकडा एकदम उडी मारून खाली गेला, तर कपलर ढिला आहे किंवा सेन्सर आतून तुटला आहे असे समजावे. आकडा 60-70 च्या पुढे जातच नसेल, तर सेन्सरवर आळ घेण्याआधी थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे का, किंवा कोणी काढून टाकला आहे का, ते पाहावे. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर सेन्सरचे टोक पाण्याऐवजी वाफेत राहते आणि तो काहीही सांगतो. म्हणून कूलंटची पातळी आधी पाहावी, तीही इंजिन थंड असताना.

आमची गाडी थर्मोस्टॅट नसल्यामुळे हळूहळू तापली. अर्ध्या तासाने रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावून ठेवता येत नव्हता. मामूंनी दुरून तापमान मोजणाऱ्या थर्मामीटरने सेन्सरजवळचा धातू मोजला, तर 80 च्या आसपास. मोबाइलवर आकडा होता 44.

थंड असताना आठ अंशांची चूक, गरम असताना छत्तीस अंशांची. आम्ही विचारले, असे कसे?

मामूंनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. वाटेत कुठेतरी सुमारे 700 ओहमचा फालतू विरोध घुसला आहे असे धरा. 25 अंशांना सेन्सरचा स्वतःचा विरोध साधारण 2000. त्यात 700 मिळवले तर 2700, म्हणजे 17-18 अंश. पण 80 अंशांना सेन्सरचा विरोध फक्त 310. त्यात तेच 700 मिळवले, तर 1010. ईसीएमला ते 44 अंश वाटतात. भेसळ तेवढीच, पण मूळ माल कमी झाला की ती जास्त दिसते.

तिसरी तपासणी: खोटे कोण बोलते

इथपर्यंत आल्यावर बहुतेक ठिकाणी सेन्सर बदलतात. आमचाही बदलला होता. पण आकडा तीन ठिकाणी बिघडू शकतो: सेन्सरमध्ये, वायर आणि कपलरमध्ये, किंवा ईसीएममध्ये. चौथी शक्यता अशी, की आकडा खराच आहे आणि दोष थर्मोस्टॅटचा किंवा कूलंटचा आहे. कोणता दोष आहे हे पाहिल्याशिवाय भाग बदलणे म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखे.

मामूंनी चावी बंद केली, सेन्सरचा कपलर काढला आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांना लावला. गरम सेन्सर 315 ओहम. अगदी बरोबर.

मग कपलर मोकळाच ठेवून चावी 'ऑन' केली. मोबाइलवर उणे 40. तेही बरोबर. त्यानंतर वायरीच्या बाजूच्या कपलरची दोन तोंडे एका बारीक तारेने जोडली. आता आकडा एकदम वर, शंभराच्या बराच पुढे जाऊन टेकायला हवा होता. तो 54 वर थांबला.

तिथेच उत्तर सापडले. सेन्सर वाटेत नसतानाही 700 ओहम शिल्लक होते. म्हणजे दोष सेन्सरमध्ये नव्हता, त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वायरीत होता. आकडा वर टेकला असता, तर वायर आणि ईसीएम ठीक आणि सेन्सर दोषी ठरला असता. ही तपासणी दोन पिनांच्या सेन्सरसाठीच आहे. तीन किंवा चार पिना असतील तर नकाशा पाहिल्याशिवाय तार जोडू नये. आणि सेन्सरऐवजी दुसऱ्याच एखाद्या भागाच्या कपलरमध्ये तार घातली, तर ईसीएम जळू शकतो. खात्री नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावे.

स्वयंपाकघरातली तपासणी

काढून ठेवलेला जुना सेन्सर डब्यात होता. मामू म्हणाले, "याचाही निकाल लावू."

घरातून एक जुने ॲल्युमिनियमचे पातेले मागवले. ते पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाही असे त्यांनी आधीच बजावले. सेन्सरला कूलंट लागलेले असते, आणि कूलंट विषारी असते. त्याची चव गोडसर असते, आणि लहान मुले आणि मांजरे ते चाटतात. म्हणून गाडीखाली सांडलेले कूलंट लगेच पुसून घ्यावे आणि उरलेला डबा मुलांच्या हाताबाहेर ठेवावा.

पातेल्यात पाणी घेतले. सेन्सरचे टोक तेवढे पाण्यात, पिना वर कोरड्या, तळाला टेकणार नाही असा दोरीने टांगला. शेजारी थर्मामीटर. मंद आचेवर पाणी तापत गेले आणि आम्ही आकडे लिहीत गेलो: 40 अंशांना 1140, 60 ला 590, 80 ला 312, उकळत्या पाण्यात 185 च्या जवळ. एकही आकडा चुकला नाही.

हा सेन्सर खराब म्हणून काढला होता. तो वर्षभर खरेच सांगत होता.

वायरीत काय निघाले

कपलरचा रबरी बूट मागे सरकवला, तर एका पिनेवर हिरवा थर. वायरीचे आवरण थोडे सोलले, तर आतली तांब्याची तार चार बोटे लांबीपर्यंत काळीहिरवी पडलेली. पुराचे पाणी आणि बारीक गाळ कपलरमध्ये शिरून बसले होते. बाहेरून सगळे धुतलेले आणि कोरडे दिसत होते. आत तांबे हळूहळू खाल्ले जात होते.

मामूंनी खराब वायर चकचकीत तांबे लागेपर्यंत कापली, नवा कपलर लावला, जोडावर आकसणारी नळी बसवली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर थर्मोस्टॅट नव्या गॅस्केटसह परत बसवला. "थर्मोस्टॅट काढणं हा इलाज नाही," ते म्हणाले. "इंजिनाला ठरलेली गरमी हवी असते. कायम थंड ठेवलंस तर ते जास्त पेट्रोल खाईल आणि लवकर झिजेल. गाडी उकळली कारण फॅन लागला नाही, आणि फॅन लागला नाही कारण त्याला 44 सांगितलं जात होतं."

रेडिएटरमध्ये नळाचे पाणी होते. ते काढून निम्मे कूलंट आणि निम्मे बॅटरीसाठी मिळते तसे शुद्ध पाणी भरले. नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार आत साचतात आणि सेन्सरच्या टोकावरही थर धरतो. भरल्यावर आतली हवा बाहेर काढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवा 24, कूलंट 24. तापल्यावर आकडा 84 वर स्थिर. उभ्या गाडीत 96 ला फॅन खडखडत सुरू झाला. इतक्या महिन्यांत एसी न लावता त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

आपल्या घरी करताना

चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनरवर कोड येतो. पी0117 म्हणजे सेन्सरच्या वाटेवर विरोध फार कमी, बहुधा वायरी चिकटल्या आहेत. पी0118 म्हणजे विरोध फार जास्त, बहुधा वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. पी0119 म्हणजे संपर्क मधूनमधून तुटतो. पी0116 म्हणजे आकडा परिस्थितीशी जुळत नाही. पी0128 आला तर आधी थर्मोस्टॅट पाहावा. कोड म्हणजे निकाल नव्हे, तक्रार आहे. ती तपासायची असते. आणि कोड नाही म्हणजे दोष नाही, असेही नव्हे.

गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो म्हणून पाणी 100 च्या पुढे तापूनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून अंगावर येते. नाक्यावर त्या पोराने बॉनेट उचलून पाऊण तास वाट पाहिली होती, झाकणाला हात लावला नव्हता.

काटा खाली असला तरी वाफ, कूलंटचा गोडसर वास किंवा हीटरमधून अचानक थंड हवा असे काही जाणवले, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. उकळत्या इंजिनावर तशीच पुढे नेली तर हेड गॅस्केट जाते, आणि तो खर्च या वायरीच्या कितीतरी पट असतो.

सेन्सर खरोखरच खराब निघाला, तर इंजिन थंड असताना बदलावा. सोबत त्याचा नवा वॉशर किंवा रबरी रिंग घ्यावी, आणि जोर लावून आवळू नये. ॲल्युमिनियमचे किंवा प्लास्टिकचे आटे लगेच जातात.

पुरात उभी राहिलेली गाडी सुरू करण्याआधी बॅटरीची तार काढावी. ऑइल बदलताना वायरमनला सांगून प्रत्येक कपलर उघडून साफ करून घ्यावा. चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूरकडच्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पुराचा दोष दोन-तीन वर्षांनीही वर येतो. आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

राहिलेला हिशेब

त्या रविवारी मगरीबनंतर आम्ही वही उघडली. सहा महिन्यांच्या फेऱ्या होत्या. प्रत्येक वेळी किती किलोमीटर, किती लिटर, आणि समोर बारीक अक्षरात: 'गरम असताना चालू झाली नाही', 'काळा धूर', 'नाक्यावर उकळली, काटा खाली'. अ‍ॅव्हरेज कोणत्या आठवड्यापासून पडत गेले, तेही त्यात स्पष्ट दिसत होते. ही वही आधी वाचली असती, तर पंप बदलावा लागला नसता. पंपाचे पैसे तरी हिशेबात मांडता येतात. आम्ही त्याला जे विचारले, ते कुठे मांडणार?

वही आणि चावी घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. तिने आत या म्हटले, पण नेहमीसारखे हसली नाही. पोरगा बाहेर आला. आम्ही त्याच्या आईसमोरच म्हणालो, "बाळ, आमची चूक झाली. पेट्रोल गाडी जाळत होती आणि आम्ही बदगुमानी तुझ्यावर केली. तू सगळं सांगितलं होतंस, आम्ही ऐकलं नाही. माफ कर." मग काय सापडले ते सांगितले. हिरवी पडलेली वायर खिशात होती, ती दाखवली.

त्याने ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हणजे फॅनला कळतच नव्हतं," तो म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहिला. त्याच्या आईने तांदळाचे सूप बाजूला ठेवले आणि चहा टाकायला आत गेली.

आम्ही चावी पुढे केली, पण ये असे म्हणायचा हक्क आम्हाला राहिलेला नाही हे आम्हाला कळत होते. दोन आठवड्यांचे पैसे वहीत ठेवले होते. ते त्याने काढून परत दिले. "मी आलोच नव्हतो त्या दिवसांत," तो म्हणाला. वही मात्र ठेवून घेतली.

चहा झाल्यावर त्याने विचारले, "अब्बांची बुधवारची वेळ सातचीच आहे ना?"

आता लिटरला सोळाच्या जवळ पडते. दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही दोघे ओटीवर बसून ती वही वाचतो.

पुढच्या महिन्यात ब्रेक ऑइलविषयी. तोवर आपल्या गाडीतल्या कूलंटची पातळी एकदा पाहून घ्या. इंजिन थंड असताना.